टेस्टोस्टेरॉन 12 आलंय, मग जेल सुरू करू का?

आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडते. वय 49, पाळी थांबून 14 महिने झाले. रात्री दोन-तीनदा अंगातून वाफा येतात, घामाने झोप मोडते, दिवसभर थकवा असतो. संबंधांची इच्छा वर्षभरात जवळजवळ संपली आहे आणि याचं तुम्हाला स्वतःला वाईट वाटतं. लॅबच्या ‘चाळिशीनंतरच्या’ पॅकेजमध्ये टेस्टोस्टेरॉन या हार्मोनचा आकडा 12 आला आणि शेजारी ‘लो’ छापून आलं. मेलबर्नची मैत्रीण बायकांसाठीचं टेस्टोस्टेरॉन क्रीम लावते, तिला गुण आला. इथे मेडिकलमध्ये पुरुषांचं जेल मिळतं. ते लावावं का आणि किती, असं तुम्ही विचारलंय. शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय की दीड वर्षापासून एस्सिटालोप्रॅम 10 मिलिग्रॅम ही नैराश्यावरची गोळी चालू आहे. माझ्या दृष्टीने ती ओळ रिपोर्टमधल्या आकड्यापेक्षा महत्त्वाची आहे.

माझं उत्तर: आत्ता लगेच नको. चार-पाच महिन्यांनी कदाचित हो. टेस्टोस्टेरॉन म्हणजे थोतांड नाही. पण तुमच्या तीन तक्रारींपैकी ते फक्त एकीवर चालतं, आणि त्या एकीचीही दुसरी कारणं अजून तपासायची राहिली आहेत.

सुरुवात त्या 12 पासून करू. आकड्यापुढचं एकक पाहा. बहुतेक तिथे नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असेल. पाळी चालू असलेल्या बाईत हे प्रमाण साधारण 15 ते 70 असतं, पुरुषात साधारण 300 ते 1000. बहुतेक लॅबमधली मशिनं पुरुषांच्या आकड्यांसाठी ठीक चालतात. बायकांच्या इतक्या खालच्या पातळीला त्यांचं मोजमाप डळमळीत होतं. रिपोर्टवर पद्धत ‘सीएलआयए’ (म्हणजे हीच नेहमीच्या मशिनची) लिहिली असेल तर 12 आणि 20 यांतल्या फरकावर मी कुठलाच निर्णय घेत नाही. ‘एलसी-एमएस’ पद्धत जास्त भरवशाची, पण ती मोजक्या लॅबमध्ये होते आणि महाग पडते.

त्याहून मोठी गोष्ट अशी की, बाईच्या टेस्टोस्टेरॉनचा अमुक आकडा खाली गेला म्हणजे इच्छा जाते, अशी रेषा कुणालाही आखता आलेली नाही. 10 आकडा असलेल्या बाईला काहीच तक्रार नसते आणि 40 असलेलीला असते. म्हणून ‘टेस्टोस्टेरॉनची कमतरता’ असं निदान बाईच्या बाबतीत रक्तावरून करत नाहीत. मग तपासणी करायचीच कशाला? दोन कारणांसाठी. आकडा मुळातच वरच्या टोकाला असेल तर औषध देऊच नये, हे त्यातून कळतं. पूर्वी पीसीओएस (ओव्हरीचा, पुरुषी हार्मोन वाढण्याचा विकार) असलेल्या बायकांमध्ये असं पुष्कळदा आढळतं. आणि पुढे उपचार सुरू झाले तर प्रमाण जास्त होत नाही ना, हे मोजायला आधीचा आकडा हाताशी असावा लागतो.

सोबत एसएचबीजी नावाची तपासणीही करून घ्यावी. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन बव्हंशी या प्रथिनाला चिकटून फिरतं, आणि चिकटलेला भाग कामाला येत नाही. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनच्या गोळ्यांनी एसएचबीजी वाढतं, थायरॉईड जास्त असेल तरी वाढतं. वजन जास्त असेल किंवा इन्सुलिनचा प्रतिरोध असेल तर ते कमी होतं. ज्या बाईचं एसएचबीजी खूप वाढलेलं आहे, तिला जेल लावूनही फारसा फरक पडत नाही. अशा वेळी जेलचं प्रमाण वाढवत नेण्यापेक्षा एसएचबीजी का वाढलंय ते शोधावं.

पाळी गेली म्हणून टेस्टोस्टेरॉन एकदम गडगडतं, असा समज सगळीकडे पसरलाय. तसं होत नाही. पाळी जाताना कोसळतं ते इस्ट्रोजेन. टेस्टोस्टेरॉन विशीच्या शेवटापासूनच हळूहळू उतरत असतं; पंचेचाळिशीपर्यंत ते विशीच्या निम्म्यावर आलेलं असतं, पाळी चालू असो वा नसो. पाळी गेल्यावरही ओव्हरी ते थोडंफार बनवत राहतात आणि ॲड्रिनल ग्रंथींकडून कच्चा माल येत राहतो. म्हणून 49 व्या वर्षी अचानक सुरू झालेल्या वाफा, घाम, झोपमोड, कोरडेपणा यांचं खापर टेस्टोस्टेरॉनवर फोडता येत नाही. ते इस्ट्रोजेनचं काम.

याला एक मोठा अपवाद आहे: ऑपरेशनमध्ये दोन्ही ओव्हरी काढलेल्या बायका. त्यांचं टेस्टोस्टेरॉन काही दिवसांत जवळपास निम्मं होतं. आपल्याकडे बायका ‘पिशवी काढली’ एवढंच सांगतात. पिशवीबरोबर ओव्हरी गेल्या की राहिल्या, हे पुष्कळजणींना माहीतच नसतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या पिशव्या काढण्याचा विषय 2019 मध्ये राज्यभर गाजला, चौकशी समितीही नेमली गेली. तेव्हा तरुण वयात झालेल्या ऑपरेशनांबद्दल बरंच बोललं गेलं, ओव्हरींबद्दल मात्र फार थोडं. तुमचं ऑपरेशन झालेलं नाही. पण हे उत्तर वाचणाऱ्या ज्यांचं झालंय त्यांनी डिस्चार्ज कार्ड आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट शोधून काढावा. ‘टीएएच’ म्हणजे फक्त गर्भाशय काढलं. पुढे ‘बीएसओ’ असेल तर दोन्ही ओव्हरी आणि नळ्याही काढल्या. ऑपरेशन पंचेचाळिशीच्या आत झालं असेल आणि बीएसओ लिहिलेलं असेल, तर इच्छेचा विषय नंतर. दुसरी अडचण नसेल तर निसर्गतः पाळी जाण्याच्या वयापर्यंत तरी इस्ट्रोजेन मिळायला हवं, हाडांसाठी आणि हृदयासाठीही. ते न मिळालेल्या बायका मी फार पाहते, म्हणून इथे विषय सोडून लिहिलं.

आता टेस्टोस्टेरॉनने काय होतं आणि काय होत नाही. 2019 मध्ये या विषयातल्या अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून एक निवेदन काढलं. त्यानुसार पुरावा एकाच गोष्टीसाठी आहे: पाळी गेलेल्या बाईची इच्छा कमी झाली आहे, त्याचा तिला त्रास होतोय, आणि दुसरं कारण सापडत नाही. थकवा, मूड, स्मरणशक्ती, हाडं, स्नायू, वजन यांसाठी ते देण्याइतका पुरावा नाही. त्याच वर्षी 36 चाचण्या आणि साडेआठ हजारांच्या आसपास स्त्रिया यांचा एकत्रित अभ्यास आला. खोट्या औषधाच्या (प्लासिबोच्या) तुलनेत समाधान देणारे संबंधांचे प्रसंग महिन्याला सरासरी एकाने वाढले. इच्छा वाढली, त्याबद्दलची खंत कमी झाली. महिन्याला एक हे ऐकायला थोडं वाटतं. वर्षभर काहीच नसलेल्या जोडप्याला ते थोडं नसतं. पण मैत्रिणीने ‘आयुष्यच बदललं’ म्हटलं असेल, तर तेवढी अपेक्षा धरू नका.

‘तिला त्रास होतोय’ ही अट मी मनापासून पाळते. पूर्वी इच्छा चांगली होती का, ती कमी झाली का, याचं तुम्हाला वाईट वाटतं का, ती परत यावी असं तुम्हाला वाटतं का, हे चार प्रश्न मी विचारते, शक्यतो बाई एकटी असताना. नवऱ्याची तक्रार आहे पण बाईला स्वतःला काही खटकत नाही, तर औषध देत नाही. त्यात आजार काही नाही. आणि बाईला खटकतंय, पण ‘या वयात आता काय करायचंय’ म्हणून डॉक्टरांनीच परत पाठवलं, हेही तितकंच चूक. तुमची चारही उत्तरं ‘हो’ दिसतात.

पाचवा प्रश्न कारणांचा, आणि तुमचं काम तिथे अडलंय. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन या गटाच्या गोळ्यांनी इच्छा कमी होणं, शरीर लवकर प्रतिसाद न देणं हे फार सर्रास होतं. गोळी दीड वर्षापासून आहे आणि इच्छा वर्षभरात गेली; तारखा जुळवून पाहा. गोळी आपली आपण मात्र बंद करू नका, अचानक थांबवली तर चक्कर, अस्वस्थता येते आणि नैराश्य उलटू शकतं. मानसोपचारतज्ज्ञांना नेमक्या शब्दांत सांगा, ‘गोळी सुरू झाल्यापासून संबंधांची इच्छा गेली.’ मात्रा कमी करणं किंवा ब्युप्रोपिऑन, मिर्टाझापीनसारख्या, हा त्रास कमी देणाऱ्या औषधावर जाणं, हे पर्याय त्यांच्याकडे असतात. नैराश्य नसून केवळ वाफांसाठी ती गोळी दिली गेली असेल, तर प्रश्न आणखी सोपा होतो.

दुसरं कारण: दुखतं का? हे तुम्ही लिहिलेलं नाही, बहुतेक बायका लिहीत नाहीत. इस्ट्रोजेन गेल्यावर योनीमार्गाचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, संबंधाच्या वेळी जळजळतं. ज्या गोष्टीने दरवेळी दुखतं तिची इच्छा शरीर कशाला धरेल? असं असेल तर इस्ट्रिऑल या इस्ट्रोजेनचं क्रीम, 1 ग्रॅममध्ये 1 मिलिग्रॅम असलेलं, अर्धा ग्रॅम रोज रात्री आत लावायचं, दोन आठवडे. नंतर आठवड्यातून दोनदा, आणि हे चालूच ठेवायचं. बायका महिनाभर लावतात, बरं वाटलं की थांबवतात, आणि दोन महिन्यांनी परत तिथेच येतात. रक्तात ते नगण्य मिसळतं. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर मात्र आधी ऑन्कोलॉजिस्टला विचारावं. संबंधाच्या वेळी वेगळं वंगण लागेलच. खोबरेल तेल वापरलंत तरी चालेल, फक्त कंडोम वापरत असाल तर नको, तेलाने तो फाटतो.

तिसरं, झोप. रात्री तीनदा उठणाऱ्या माणसाला थकवाही येणार आणि इच्छाही राहणार नाही. वाफांवर सर्वांत चांगलं औषध इस्ट्रोजेनच. तुम्हाला ते चालेल का, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. स्तनाचा कर्करोग, रक्तात गुठळी झाल्याचा इतिहास, यकृताचा चालू आजार, कारण न कळलेला रक्तस्राव, यांत ते देत नाहीत. चालत असेल तर माझी पसंती गोळीपेक्षा कातडीवर लावायच्या इस्ट्रॅडिऑल जेलला: 0.06 टक्क्यांचं जेल, रोज 1.25 ते 2.5 ग्रॅम. गर्भाशय जागेवर आहे म्हणून सोबत मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन रोज रात्री 100 मिलिग्रॅम. ते टाळलं तर गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं आणि कर्करोगाचा धोका वाढतो. त्याने गुंगी येते, म्हणून रात्रीच घ्यायचं. जेलला पसंती दोन कारणांनी: गुठळीचा धोका गोळीने वाढतो तसा जेलने वाढताना दिसत नाही, आणि गोळीसारखं एसएचबीजी वाढत नाही. तोंडाने इस्ट्रोजेन घेणाऱ्या बाईची इच्छा कमी झाली असेल, तर मी टेस्टोस्टेरॉन लिहिण्याआधी गोळी बदलून जेल देते आणि तीन महिने थांबते. काहीजणींचं तेवढ्यावरच भागतं.

थकव्यासाठी हिमोग्लोबिन, फेरिटीन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉईड), बी-12 आणि साखर पाहून घ्या. पाळी जाण्याआधी दोन-चार वर्षं जास्त रक्तस्राव झाला असेल तर लोहाचा साठा रिकामा असतो. हिमोग्लोबिन 12 दिसतं आणि फेरिटीन 8 निघतं. त्यावर टेस्टोस्टेरॉन लावून काय होणार?

एवढं झाल्यावर, म्हणजे एस्सिटालोप्रॅमचा निर्णय, कोरडेपणाचा उपचार आणि तीन-चार महिने इस्ट्रोजेन हे सगळं होऊनही इच्छा परतली नाही, तर टेस्टोस्टेरॉन करून पाहणं रास्त आहे. ते कसं, हे आता तपशिलात सांगते, कारण चुका इथेच होतात.

तुमची मैत्रीण वापरते ते क्रीम बहुधा ऑस्ट्रेलियात 2020 मध्ये मान्यता मिळालेलं 1 टक्क्याचं असावं. त्याची नेहमीची मात्रा रोज अर्धा मिलिलिटर, म्हणजे 5 मिलिग्रॅम. युरोपात बायकांसाठी रोज 300 मायक्रोग्रॅम देणारी पट्टी होती, ती 2012 मध्ये बाजारातून गेली. भारतात बायकांच्या मात्रेचं औषध नाही. म्हणून पुरुषांच्या जेलचा दहावा भाग वापरतात. हा वापर मान्यताप्राप्त लेबलच्या बाहेरचा असतो. डॉक्टरांनी तसं सांगून, तुमची संमती घेऊन, चिठ्ठीवर लिहून द्यायला हवं.

1 टक्क्याच्या 5 ग्रॅमच्या पाकिटात 50 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन असतं. पुरुष ते पाकीट एका दिवसात संपवतो, तुम्हाला ते दहा दिवस पुरलं पाहिजे. ‘वाटाण्याएवढं घ्या’ या सल्ल्यावर माझा विश्वास नाही. प्रत्येकीचा वाटाणा वेगळा असतो. सुई नसलेली 1 मिलीची सिरिंज घ्या आणि रोज 0.5 मिलीच्या खुणेपर्यंत जेल भरा. 5 मिलीच्या सिरिंजवर खुणा 0.2 च्या असतात, तिच्यावर अर्धा नेमका येत नाही. पाकिटाचा कोपरा थोडासाच कापायचा, वापरून झालं की दोनदा दुमडून क्लिप लावायची. उघडं राहिलं तर त्यातलं अल्कोहोल उडतं, जेल घट्ट होतं आणि त्याच अर्ध्या मिलीत औषध जास्त जातं. टक्केवारी दर वेळी वाचून घ्या. 1.62 आणि 2 टक्क्यांची जेलही असतात. 2 टक्क्यांच्या अर्ध्या मिलीत 10 मिलिग्रॅम जातील, म्हणजे दुप्पट.

लावायची जागा मांडीची बाहेरची बाजू किंवा ओटीपोट. स्तनांवर नाही, योनीजवळही नाही. जागा रोज बदला. त्याच जागी लावत राहिलं की तिथे जाड केस येतात. आंघोळीनंतर कोरड्या कातडीवर लावा, पाचेक मिनिटं वाळू द्या, हात साबणाने धुवा, वर कपडा घाला. ओलं असताना गॅसजवळ किंवा देवासमोरच्या दिव्याजवळ जाऊ नका, ते पेट घेतं. घरात नातवंडं किंवा लहान मुलं असतील तर ती जागा त्यांच्या अंगाला लागता कामा नये. पुरुषांच्या जेलच्या स्पर्शाने लहान मुलांमध्ये अकाली वयात येण्याची लक्षणं दिसली, म्हणून अमेरिकेत 2009 मध्ये या जेलवर ठळक इशारा छापणं सक्तीचं झालं.

रक्त तीन ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. रक्त काढतात त्या हातावर जेल कधीच लावू नका, नाहीतर आकडा खोटा फुगून येतो. आकडा पाळी असलेल्या बाईच्या मर्यादेत, म्हणजे 70 च्या आत राहिला पाहिजे. त्यापुढे गेला तर बरं वाटत असलं तरी मात्रा कमी करायची. त्यानंतर दर सहा महिन्यांनी तपासणी. गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण परिणाम बाराव्या आठवड्याच्या सुमारास. दहाव्या दिवशी काही वाटलं नाही म्हणून मात्रा वाढवणं ही नेहमीची चूक.

मुरमं आणि हनुवटीवरची लव थोडी वाढू शकते. मात्रा कमी केली की बहुधा आटोक्यात येते. आवाज घोगरा होणं आणि शिश्निका (क्लिटोरिस) मोठी होणं हे जास्त मात्रेचे परिणाम, आणि ते औषध थांबवल्यावरही राहू शकतात. गाणाऱ्या, कीर्तन करणाऱ्या, शिकवणाऱ्या बायकांना मी हे आवर्जून सांगते. उपचाराआधी फोनवर पाच मिनिटं वाचून आवाज रेकॉर्ड करून ठेवा, दर महिन्याला तोच मजकूर वाचा. वरचा स्वर लागेनासा झाला तर त्याच दिवशी थांबवा. दोन वर्षांपुढच्या वापराच्या चांगल्या चाचण्या झालेल्या नाहीत, आणि हृदयविकाराचा मोठा धोका असलेल्या बायका चाचण्यांत घेतल्याच नव्हत्या. त्यामुळे अशा बायकांना, आणि स्तनाचा कर्करोग झालेल्यांना, मी देत नाही. पाळी पूर्ण थांबलेली नाही अशा बाईने गर्भनिरोधक वापरल्याशिवाय हे लावू नये, मुलीचा गर्भ असेल तर त्याला अपाय होतो. प्रौढांच्या ‘मास्टर्स’ क्रीडास्पर्धांत भाग घेत असाल तर टेस्टोस्टेरॉन डोपिंगच्या यादीत आहे, हेही लक्षात असू द्या.

पुरुषांची 250 मिलिग्रॅमची इंजेक्शनं बाईने कधीही घेऊ नयेत; एकदा टोचलं की काढता येत नाही. कातडीखाली बसवायच्या पेलेट्सचंही तेच, त्यांनी आकडा महिनोन्महिने पुरुषी पातळीकडे झुकलेला राहू शकतो. तोंडाने घ्यायचं टेस्टोस्टेरॉन चांगलं कोलेस्टेरॉल घटवतं. ‘महिलांसाठी बूस्टर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्ण-कॅप्सूलमध्ये किती काय आहे ते कळत नाही. अश्वगंधा असेल आणि तुम्ही थायरॉईडची गोळी घेत असाल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. टिबोलोन 2.5 मिलिग्रॅम ही गोळी काही डॉक्टर सुचवतील. ती वाफा कमी करते आणि इच्छेलाही थोडी मदत करते. साठीच्या पुढे पक्षाघाताचा धोका वाढवते आणि स्तनाच्या कर्करोगानंतर चालत नाही. तुमच्या वयात तो विचार करण्यासारखा पर्याय आहे, पण ती आणि वर लिहिलेलं इस्ट्रॅडिऑल जेल-प्रोजेस्टेरॉन एकत्र घ्यायचं नसतं.

उलट बाजूही सांगते. काहीही औषध न घेता एखाद्या बाईच्या चेहऱ्यावर काही महिन्यांत दाट केस आले, टाळू दिसू लागला, आवाज बदलला, तर ‘वयामुळे होतं’ म्हणून सोडू नका. टेस्टोस्टेरॉन 150 च्या वर असेल तर ओव्हरीत किंवा ॲड्रिनलमध्ये गाठ आहे का ते सोनोग्राफी आणि डीएचईए-एस (ॲड्रिनलच्या हार्मोनची रक्ततपासणी) करून शोधावं लागतं.

टेस्टोस्टेरॉनचं जेल सुरू केलंत तर त्या दिवशीच कॅलेंडरवर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहून ठेवा, आणि इच्छा, त्रास, प्रसंग यांची आजची स्थिती दोन ओळींत वहीत नोंदवा. त्या तारखेला वही उघडा. फरक नसेल तर थांबवायचं. मात्रा हळूहळू उतरवावी लागत नाही. फरक असेल तर चालू ठेवायचं, आणि वर्षातून एकदा मुद्दाम थोडे आठवडे थांबून पाहायचं, अजून गरज आहे की नाही.